नागलीच्या माळ्यावरचा शेवटचा पेपर

पदवीची शेवटची परीक्षा मी माळ्यावर बसून दिली असं सांगितलं, की शहरातल्या मैत्रिणींना घराचा पोटमाळा आठवतो. आमच्याकडे माळा म्हणजे शेताच्या मधोमध चार मेढी रोवून, वर बांबू टाकून, सागाच्या पानांनी शाकारलेलं मचाण. डोंगराच्या उतारावरची नागली, म्हणजे नाचणी, भरायला लागली की दिवस उजाडल्यापासून कुणीतरी त्याच्यावर बसायचं, गोफण फिरवायची, घसा ताणून ओरडायचं आणि पाखरं हाकलायची. त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं, कारण नेटवर्कही तिथेच येत होतं.

शहापूर सोडून सापगावचा पूल ओलांडला आणि मुरबाडच्या रस्त्याने बरंच आत आलं, की डावीकडे आमचा पाडा लागतो. पाड्यात फोनला काहीच मिळत नसे. दादाने घराच्या छपरावर, चिंचेवर, देवळाच्या कट्ट्यावर, सगळीकडे फोन उंच धरून पाहिला होता. शेवटी एकदा नागलीला पाणी लागलंय का बघायला म्हणून तो वर गेला, आणि माळ्याच्या पश्चिमेकडच्या मेढीजवळ फोनने एकदम दहा-बारा निरोप टाकले. तेव्हापासून ती मेढ माझं कॉलेज झाली. फोन दादाचाच होता. गोदामाचं काम पुन्हा सुरू झालं आणि तो भिवंडीला परत निघाला, तेव्हा त्याने स्वतःसाठी बटणांचा जुना फोन घेतला आणि हा माझ्याकडे ठेवला. जाताना म्हणाला, "बी.ए. झालीस की परत दे." मी बी.ए. होणार याची त्याला माझ्यापेक्षा जास्त खात्री होती.

टाळेबंदीचे ते महिने मला सलग आठवत नाहीत. वारांची नावं गळून पडली होती. रस्त्यावर आडवं झाड टाकून पाडा बंद केलेला, जीप येत नाही, बाजार भरत नाही, आसनगावला लोकल गाडीला जाणारी माणसं घरात बसून छपरं शाकारतात. मी मात्र रोज सकाळी भाकरी फडक्यात बांधून धुक्यात शिरायचे. पायाखालची वाट दिसायची, बाकी काही नाही. वर गेलं की धुकं खालीच राहायचं. मग एकेक गोष्ट वर येई. आधी आंब्याचा शेंडा, मग खालच्या शेताचा माळा, मग लांबवर माहुलीचे सुळके. सगळं नुकतंच कुणीतरी तयार करतंय आणि मी एकटीच बघतेय असं वाटायचं. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती, जगात माणसं मरत होती. खरं सांगते, मला त्या सकाळी फार आवडायच्या.

वर्ग सुरू व्हायचा तो सरांच्या आवाजाने. भूगोलाचे सर कल्याणला त्यांच्या घरातून शिकवायचे. त्यांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि मधेच ते कुणाला तरी "गॅस बंद कर" म्हणायचे. चेहरा बहुतेक वेळा गोठलेला असे, तोंड अर्धवट उघडं. आवाज तुकड्यातुकड्याने येई. "...वारे... दाबाचा पट्टा... म्हणून... लक्षात आलं का?" मी मान डोलवायचे. एकदा ते समोच्च रेषा शिकवत होते आणि मला समोर उतारावर आमचे बांध दिसत होते, एकाखाली एक, डोंगराला बिलगून वळत गेलेले. पुस्तकातलं चित्र आणि समोरचं शेत एकमेकांवर बसलं आणि मला ऊन, वारा, सरांचा तुटका आवाज, सगळ्याची मिळून एक गुंगी आली. किती तरी वेळ मी झोपेत होते की जागी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी पोपटांनी वरची अर्धी पट्टी साफ केली आणि आईने मला संध्याकाळी भरपूर ऐकवलं.

एकदा तर मी माइक चालू ठेवून पाखरांवर ओरडले. सर दचकून म्हणाले, "ज्यांच्या घरी भांडण चालू आहे त्यांनी कृपया माइक बंद करावा." मी हे घरी सांगितलं, घरून ते सगळ्या उतारावर गेलं, आणि पुढे आठवडाभर जो तो विचारत होता, "आज मास्तरला किती शिव्या दिल्यास?"

उतारावर आम्ही पाच-सहा राखणदार होतो. सरकार सांगत होतं, अंतर ठेवा. आमच्यात आधीपासून एकेका शेताचं अंतर होतं. बोलणं व्हायचं ते हाकांनी. सगळ्यात वरच्याने "हूऽऽ" अशी लांब हाक द्यायची, त्याखालच्याने ओ द्यायची आणि तीच हाक पुढे द्यायची, अशी ती ओहळापर्यंत उतरत जायची आणि तशीच परत वर यायची. पाखरं उडायची, माणसाची झोप उडायची आणि सगळे जागेवर आहेत हेही कळायचं. हाकेला ओ आली नाही तर पुन्हा हाक. दुसऱ्यांदा नाही आली तर तिसरी. तिसऱ्या हाकेलाही ओ नाही, तर हातातलं काम टाकून त्या माळ्याकडे पळायचं. हा नियम कुणी बसून ठरवला नव्हता. तो आमच्या खालच्या शेतातल्या काकीच्या नवऱ्यामुळे पडला.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. काका सकाळी राखणीला आले होते. तेव्हा ज्याला वाटेल तो हाक द्यायचा, वाटलं तर ओ द्यायचा. वरून दोघा-तिघांनी हाका दिल्या, काकांची ओ आली नाही. सगळे हसले, म्हणाले, म्हातारा लवकर पेंगला. दुपारी काकी भाकरी घेऊन आली तेव्हा काका गोधडीखाली गार पडलेले होते. पायाला दोन टिपके होते. पुढच्या वर्षी त्या माळ्यावर काकी स्वतः चढून बसली. तिला मूलबाळ नाही. भाताचं खाचर दिराकडे गेलं, तिच्या वाट्याला ती नागलीची पट्टी राहिली. तिची वर्षाची भाकरी त्या पट्टीवर होती. सगळ्यात जास्त हाका काकीच द्यायची, आणि ओ येईपर्यंत ती खाली बसत नसे.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून पुढे जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते.

परीक्षा मोबाइलवर होणार असं जाहीर झालं तेव्हा गणपती होऊन गेले होते. एक तास, पन्नास प्रश्न, चारातलं एक उत्तर निवडायचं. फोनचा कॅमेरा चालू ठेवायचा, चेहरा चौकटीत ठेवायचा. सूचनांमध्ये असंही लिहिलं होतं की आजूबाजूला पूर्ण शांतता हवी आणि विद्यार्थ्याने बोलू नये. पदवी हातात पडली तर मला बी.एड.ला जाता येणार होतं. नाही पडली तर वर्ष वाया, आणि आमच्या पाड्यात वाया गेलेलं वर्ष मुलीला परत मिळत नाही. बाहेरून कुणी काही बोललं नसतं. आईनेच एका संध्याकाळी चुलीपुढे बसून हळूच विषय काढला असता आणि मला तिच्यावर रागावताही आलं नसतं.

पहिले सगळे पेपर दुपारी होते. दुपारी पाखरं सावलीला जातात, राखणदार भाकरी खातात, हाका बंद असतात. डोंगर इतका शांत की नागलीच्या पात्यांची सळसळ मोठी वाटावी. मी मेढीला फोन बांधून, तिच्याकडे तोंड करून, उताराकडे पाठ करून बसायचे आणि उत्तरं टिपत जायचे. सगळं इतकं सोपं जात होतं की मला वाटलं, परीक्षा अशीच असायला हवी होती कायम.

भूगोलाचा शेवटचा पेपर मात्र सकाळी साडेनऊला ठेवला. आईबाबा खालच्या खाचरात लवकर पिकणारं हळवं भात कापत होते. मी ठरवलं, एक तास आमची नागली पोपटांना माफ. इतका मोठा विचार केल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. हाकांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

तीसएक प्रश्न झाले असतील, वरून हाक आली. "हूऽऽ." माझी ओ जायला हवी होती. मी ओठ घट्ट मिटले. शांतता हवी, बोलू नये. वरच्याने पुन्हा हाक दिली. तो उतारावरचा नवा राखणदार होता, कानाने जरा मंद, त्याला वाटलं आपल्यालाच ऐकू आलं नाही, आणि तो पोपटांच्या मागे लागला. पण खालून काकीने ऐकलं होतं. तिने खालून वर हाक दिली. मी गप्प. दुसरी दिली. तिचा आवाज थोडा चढला होता. मी मनात म्हटलं, अगं, बसलेय ना इथे, दिसत नाही का? तिला मी दिसत नव्हते. आंब्यामुळे तिला आमच्या माळ्याचं फक्त छप्पर दिसायचं. तिसरी हाक आली तेव्हा मी सदतिसाव्या प्रश्नावर होते. ती हाक संपली आणि सगळा उतार एकदम गप्प झाला. मला बरं वाटलं. वाटलं, चला, थांबली एकदाची.

मग खालून काहीतरी तुडवत येण्याचा आवाज आला. माळा हलला. पडद्यावर एका कोपऱ्यात माझा चेहरा दिसत असे, त्याच्या बाजूला दुसरा चेहरा आला, घामाने भरलेला, डोळे फाटलेले, पदर सुटलेला. पाठोपाठ आणखी दोन राखणदारांची डोकी, एकाच्या हातात कोयता. काकीने माझा खांदा धरून गदागदा हलवला, मला माळ्यावरच आडवं पाडलं आणि माझे पाय चाचपायला लागली.

"काय झाला गो तुला? कुठं चावला? बोल ना, बोल!"

पडद्यावर लाल पट्टी आली. एकापेक्षा जास्त व्यक्ती दिसत असल्यामुळे परीक्षा बंद करण्यात येत आहे. मी बोट दाबत राहिले, दाबत राहिले. पन्नास प्रश्नांपैकी तेरा राहिले होते आणि दिलेली उत्तरं पोचली की नाही तेही कळायला मार्ग नव्हता.

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी जे बोलले ते राग म्हणून सोडून देता येणार नाही. मी ओरडले, "मेली नाय मी अजून! तुला काय सगलीकडं मेलेलीच माणसं दिसतात का?"

दोन्ही माणसं खाली बघायला लागली. काकीचे हात माझ्या पायावर तसेच होते. तिने ते सावकाश काढून घेतले. करवंदीच्या जाळीतून ती सरळ वर आली होती, वाटेने नाही, आणि तिच्या पिंडरीवरून रक्त ओघळत होतं. तिने पदर नीट केला, तोंडावर घेतला, मला वाटतं त्या रोगाच्या भीतीने, की जवळ आलो म्हणून. मग ती माळ्यावरून उतरली आणि या वेळी वाटेने गेली.

दुसऱ्या दिवसापासून हाका पूर्वीसारख्या सुरू झाल्या. वरून हाक आली, मी ओ दिली, मी खाली हाक दिली. काकीने ओ दिली नाही. तिने उठून उभं राहून हात वर केला, मला दिसेल असा, आंब्याच्या बाजूला येऊन. आहे, एवढं सांगण्यापुरता. मग तिने खालच्याला हाक दिली. रोज असंच. मला तिचा आवाज ऐकू यायचा, पण माझ्याकडे तोंड करून तो आला नाही. मी जाऊन दोन शब्द बोलले असते तर झालं असतं. मी नाही गेले. आधी तिच्यामुळे माझी परीक्षा गेली म्हणून गेले नाही, आणि नंतर माझ्या बोलण्याची लाज वाटली म्हणून गेले नाही. पाय मात्र दोन्ही वेळी सारखेच जड होते.

मधल्या दिवसांत मी सरांना फोन केला. मेढीला टेकून, तुकड्यातुकड्याने, सगळं सांगितलं.  सर म्हणाले, "अगं, मग तू ओ द्यायची होतीस. आवाज नाही घेत ते अ‍ॅप. मधूनमधून नुसते फोटो काढतं. सूचना काय, सगळ्याच लिहून ठेवतात."

मी फोन कानापासून खाली घेतला. सरांना वाटलं, नेटवर्क गेलं, आणि ते हॅलो हॅलो करत राहिले.

ज्यांच्या पेपरला अडचण आली त्यांची परीक्षा पुन्हा होणार होती, त्यासाठी कारण लिहून अर्ज पाठवायचा होता. मी खरं तेच लिहिलं. राखण, हाका, तीन वेळा ओ न देणं, काका. चांगली दीड पानं झाली. सरांनी वाचून निरोप पाठवला, हे वाचणाऱ्याला काही कळणार नाही, तू आपलं नेटवर्क गेलं असं लिही. मग मी एका ओळीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. सरांनी बजावलं, ही शेवटची संधी, यानंतर काही करता येणार नाही. आणि चेहऱ्यावर उजेड येऊ दे, मागच्या वेळी तुझे फोटो सगळे काळे आलेत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुमी सगल्यांना सांगा, उद्या साडेनवापासून तासभर मी ओ दिली नाय तरी कोनी धावून येऊ नका. मी बरी हाय म्हनून सांगा."

आवाजाचं काही नाही, ओरडा खुशाल, हे मी सांगितलं नाही. ते सांगायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांनी निरोप वरच्याला दिला, वरच्याने त्याच्या शेजाऱ्याला, आणि निरोप शेतागणिक वाढत गेला. पोरीची परीक्षा आहे, धावू नका, एवढा निघालेला निरोप ओहळापर्यंत पोचेस्तोवर असा झाला, की परीक्षेच्या वेळी कुणी तोंडातून आवाज काढायचा नाही.

त्या सकाळी धुकं लवकर उतरलं. उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून मी या वेळी उलटी बसले, उताराकडे तोंड करून, आणि फोन समोरच्या मेढीला बांधला. फोनच्या खालच्या कडेपासून काकीची पट्टी सुरू होत होती. आंब्याच्या डावीकडे तिचा माळा होता आणि त्याच्या कडेला, आंबा आड येणार नाही अशी, ती उभी होती. पहिला प्रश्न आला. मी उत्तर टिपलं. दुसरा, तिसरा. मग हळूहळू मला जाणवलं, की काहीच ऐकू येत नाही. हाक नाही. गोफणीचा फटका नाही. डबा वाजवणारा ओहळाजवळचा माणूस, तोही नाही. सगळा डोंगर माझ्यासाठी गप्प बसला होता. ऊन कोवळं होतं, नागली गुडघ्याच्या वर आलेली, वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकणारी, आणि त्या एवढ्या मोठ्या शांततेत मी मोसमी वाऱ्यांवरचे प्रश्न सोडवत होते. मला भरून आलं. आपण काहीतरी फार चांगलं स्वप्न बघतोय आणि हललो तर ते मोडेल, असं वाटत होतं.

पोपट आले ते वरच्या रानातून. आधी पाच-सात. ते आमच्या शेतावरून गेले, मी हलले नाही. मग मोठा थवा आला. माणसाचा आवाज नाही म्हटल्यावर त्यांनी एकदा वळसा घेतला आणि ते सगळेच्या सगळे काकीच्या पट्टीवर उतरले. हिरवं हिरव्यात मिसळून गेलं. नंतर फक्त कणसं हलताना दिसत होती आणि बारीक कुडकुड ऐकू येत होती. पंचवीस-तीस पावलांवर काकी उभी होती. गोफण तिच्या हातात लोंबत होती, दगड घातलेला. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला होता. ती एकदा पोपटांकडे बघायची आणि एकदा माझ्याकडे.

एक हाक पुरली असती. "काकी, हाकल." फोन आवाज घेत नाही हे त्या सगळ्या उतारावर फक्त मला माहीत होतं. पण मान वळली, तोंड हललं आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला तर? शेवटची संधी आहे, असं सर म्हणाले होते. अठरा प्रश्न राहिले होते. मी नजर पडद्यावर आणली आणि पुढचा प्रश्न वाचला. मग त्याच्या पुढचा वाचला. मी सगळे अठरा प्रश्न सोडवले, एकही चुकवला नाही, घाई केली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

पेपर पोचल्याची हिरवी खूण आली तेव्हा मी माळ्यावरून उडीच मारली. "हाकला रेऽऽ, झाली परीक्षा!" असं ओरडत उतारावरून पळत सुटले. चारी बाजूंनी एकदम आरडाओरड झाली, डबे वाजले, गोफणी फिरल्या. थवा उठला, जड, सुस्त, आणि रानाकडे गेला. मी काकीच्या बांधावर पोचले. नागलीची ताटं तशीच उभी होती. कणसं होती, पण बोटं दुमडलेल्या मुठींसारखी जी आधी भरलेली असायची, ती आता नुसत्या काड्या झाली होती. खाली सगळीकडे फोलपटं पडली होती. बांधाकडची थोडीशी नागली तेवढी वाचली होती.

काकी माळ्यावरून उतरत होती. पिंडरीवरच्या जखमेची खपली अजून होती. मी इतके दिवस मनात घोळवलेली माफी तोंडाशी आणली होती, पण शेताकडे बघून भलतंच बोलले.

"काकी, तू हाकललं का नाय?"

"त्यात आवाज गेला असता ना गो," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. "तुझ्या मास्तरला वाटलं असतं, खालून कोन तरी उत्तरं सांगतंय. पुन्ना बंद केली असती परीक्षा." मग तिला स्वतःचंच हसू आलं. "आता मला काय येतंय सांगायला? पन त्याला काय ठाव, मी कोन ती."

मला खरं सांगता आलं असतं. सांगून माझं मन हलकं झालं असतं. पण मग तिची नागली उगाच गेली असती.

"व्हय काकी," मी म्हटलं, "आवाज गेला असता."

"लिवलंस ना सगलं?"

"सगलं लिवलं."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि बांधाकडची उरलेली कणसं खुडायला वाकली.